मूळ कॅलिपर ठेवून ब्रेकची डिस्क मोठी करताना

गाडीचे ब्रेक सुधारायचे म्हटले की बहुतेकांना रंगीत, चार पिस्टनचे कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, पिस्टनने घर्षणाचे पॅड दाबणारे भाग) आठवतात आणि त्यांची किंमत ऐकली की विषय तिथेच संपतो. वास्तविक रोजच्या वापरातल्या गाडीत कॅलिपरची दाबण्याची ताकद क्वचितच अपुरी असते. ब्रेक एकदा जोरात दाबल्यावर चाक लॉक होण्याच्या सीमेपर्यंत येत असेल, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) जागे होत असेल, तर दाब पुरेसा आहे हे उघड आहे. अपुरी पडते ती लागोपाठच्या ब्रेकिंगमध्ये तयार होणारी उष्णता सोसण्याची आणि बाहेर टाकण्याची डिस्कची क्षमता. म्हणूनच मूळ कॅलिपर तसाच ठेवून डिस्क आणि कॅलिपर ज्यावर बसतो तो ब्रॅकेट एवढेच बदलणे हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा आणि सर्वांत कमी धोक्याचा मार्ग आहे. मात्र तो मापात चूक न करता पार पाडला पाहिजे.

या लेखात फोक्सवॅगन गोल्फच्या चौथ्या पिढीचे उदाहरण घेतले आहे, कारण तिथे ही सुधारणा बाहेरच्या कारागिराने शोधलेली नसून कंपनीच्याच सुट्या भागांतून होते. त्या गोल्फच्या जीटीआयसारख्या ताकदवान आवृत्त्यांना पुढे २८८ मिमी व्यासाची आणि २५ मिमी जाडीची हवेशीर (आत हवा खेळण्यासाठी पाती असलेली) डिस्क होती. त्याच काळातल्या ऑडी टीटीच्या जोरकस आवृत्तीला आणि २००२ साली अमेरिकेत निघालेल्या जीटीआयच्या ‘३३७’ या विशेष आवृत्तीला ३१२ मिमी व्यासाची, पण तेवढ्याच २५ मिमी जाडीची डिस्क होती. दोन्हीकडे कॅलिपर एकच, पॅडही एकच; फरक फक्त ब्रॅकेटचा. आपल्याकडे या उदाहरणाला थेट महत्त्व आहे, कारण २००१ पासून छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात जोडली गेलेली स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया याच गोल्फच्या पायावर बांधलेली गाडी होती आणि तिला जिवापाड जपणारे मालक महाराष्ट्रात आजही आहेत. गाडी दुसरी असली तरी पुढचा विचार आणि कामाचा क्रम तोच राहतो. आकडे मात्र त्या त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

मिळते काय आणि मिळत नाही काय

ब्रेक हे वेगाचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र आहे. १३०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवताना सुमारे ५०० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. तिचा साधारण ७० टक्के भाग पुढच्या दोन डिस्कवर येतो असे धरले, तर प्रत्येक डिस्कच्या वाट्याला १७५ किलोज्यूल येतात. डिस्क ७ किलो बिडाची असेल तर या एका ब्रेकने तिचे तापमान सुमारे ५५ अंशांनी वाढते, ८ किलोची असेल तर सुमारे ४८ अंशांनी. एका ब्रेकला हा फरक नगण्य आहे. पण महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी सुमारे १२०० मीटर खाली येते, आणि तेवढ्या उतारात मोकळी होणारी ऊर्जा ताशी १०० वरून ३० वेळा पूर्ण थांबण्याएवढी असते. तिचा काही भाग हवेचा अवरोध, टायर आणि इंजिन घेतात. खालच्या गिअरमध्ये उतरणारा चालक तर बराचसा भार इंजिनावरच टाकतो. तरीही जो भाग ब्रेकवर येतो तो थंड व्हायला उसंत न मिळता येतो, आणि अशा वेळी डिस्कचे वजन, तिचा हवेला लागणारा पृष्ठभाग आणि आतल्या पात्यांमधून खेळणारी हवा या तीन गोष्टींवर सगळे अवलंबून असते. साध्या पॅडचे घर्षण साधारणपणे साडेतीनशे अंशांच्या आसपास ढासळू लागते. त्या मर्यादेच्या अलीकडे राहणे हाच मोठ्या डिस्कचा खरा लाभ आहे.

दुसरा लाभ तरफेचा. व्यास २४ मिमीने वाढला की पॅड चाकाच्या मध्यापासून १२ मिमी दूर जातो. पॅड ज्या सरासरी त्रिज्येवर पकडतो ती सुमारे १२० मिमीवरून १३२ मिमी होते, म्हणजे तेवढ्याच पायाच्या दाबाने पुढच्या चाकाला १० टक्के अधिक जोर लागतो. कॅलिपरचा पिस्टन बदललेला नसल्यामुळे मास्टर सिलिंडरला (पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणाऱ्या पंपाला) तेवढेच ब्रेक ऑइल ढकलावे लागते आणि पेडलचा प्रवास पूर्वीइतकाच राहतो. मोठ्या पिस्टनचे कॅलिपर बसवल्यावर पेडल खोल जाण्याची जी तक्रार पुष्कळदा ऐकू येते, ती इथे उद्भवतच नाही.

आता जे मिळत नाही तेही स्पष्ट सांगायला हवे. थंड ब्रेकने एकदाच जोरात थांबण्याचे अंतर यामुळे जवळजवळ कमी होत नाही, कारण ते अंतर टायर आणि रस्ता यांची पकड ठरवते. गुळगुळीत झालेल्या टायरांवर ३१२ मिमीची डिस्क बसवणे म्हणजे पैसा चुकीच्या जागी घालणे होय. शिवाय पुढचा जोर १० टक्के वाढला आणि मागचा तसाच राहिला, तर ब्रेकचा तोल पुढे झुकतो. ‘३३७’ आवृत्तीला कंपनीने पुढे ३१२ मिमी देताना मागेही साध्या गोल्फच्या २३२ मिमीच्या भरीव डिस्कऐवजी २५६ मिमीची हवेशीर डिस्क दिली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढच्या १० टक्क्यांचा फरक एबीएस सांभाळून घेते. परंतु पुढे डिस्क वाढवायची, त्यात अतिशय कडक पकडीचे पॅड घालायचे आणि मागे जुने झिजलेले पॅड तसेच ठेवायचे, हा प्रकार टाळावा. मागचे पॅड निदान नवे आणि त्याच दर्जाचे असावेत.

याच्याही आधी एक साधी गोष्ट तपासावी. घाटात पेडल मऊ पडण्याचे कारण कित्येकदा डिस्क नसून जुने ब्रेक ऑइल असते. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश असतो. ते हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि मुरलेल्या अवस्थेत ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. कोकणातल्या दमट हवेत दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा नियम कसोशीने पाळावा. ऑइल आणि चांगले पॅड बदलून तक्रार संपली, तर डिस्कचा खर्च वाचला असे समजावे.

मोजमाप

सुटे भाग मागवण्यापूर्वी गाडीवर काय आहे ते स्वतः मोजावे. विक्रेत्याच्या यादीवर आणि गाडीच्या मॉडेलच्या नावावर विसंबू नये. याच गोल्फच्या लहान इंजिनांच्या आवृत्त्यांना २५६ किंवा २८० मिमीची, २२ मिमी जाडीची डिस्क आणि वेगळा कॅलिपर होता. ऑक्टाव्हियाच्या बाबतीतही इंजिन आणि वर्ष यांप्रमाणे फरक आहेत. २२ मिमीसाठी घडवलेल्या कॅलिपरमध्ये २५ मिमीची डिस्क नव्या पॅडसह बसतच नाही. पॅड घासून पातळ करून ती बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तिथून उठून यावे. व्यास वाढवता येतो, जाडी मात्र मूळ कॅलिपरला मानवेल तीच ठेवावी लागते.

जाडी मोजताना एक बारकावा आहे. वापरलेल्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला, जिथे पॅड पोहोचत नाही तिथे, न झिजलेला गंजका काठ उभा राहतो. व्हर्निअरचे जबडे त्या काठावर टेकले तर डिस्क आहे त्यापेक्षा जाड दिसते. म्हणून मायक्रोमीटर वापरावा, किंवा दोन्ही बाजूंना सारख्या जाडीची नाणी ठेवून वरून मोजावे आणि नाण्यांची जाडी वजा करावी. डिस्कच्या टोपीवर (मधल्या उंच भागावर) किंवा कडेवर किमान जाडी कोरलेली असते. २५ मिमीच्या डिस्कवर ती बहुधा २२ किंवा २३ मिमी असते. जाडीबरोबरच डिस्कची एकूण उंची, मधल्या भोकाचा व्यास आणि बोल्टांच्या वर्तुळाचे माप जुळले पाहिजे. या गोल्फवर भोक ६५ मिमीचे आणि पाच बोल्ट १०० मिमीच्या वर्तुळावर असतात. भोक सैल असेल तर डिस्क मध्यात बसत नाही आणि स्टिअरिंग थरथरते.

ब्रॅकेटचे गणित सोपे आहे: व्यासातल्या फरकाच्या निम्म्याने, म्हणजे इथे १२ मिमीने, कॅलिपर बाहेर सरकला पाहिजे. कंपनीचा ब्रॅकेट असेल तर हे माप आपोआप जुळते. एखाद्या लेथवाल्याकडून मूळ ब्रॅकेटला जोडपट्टी करून घेण्याचा स्वस्त उपाय काही ठिकाणी केला जातो. त्याला माझा ठाम विरोध आहे. ब्रॅकेट ज्या दोन बोल्टांनी बसतो त्यांच्यावर पुढच्या चाकाचा सारा ब्रेकिंगचा जोर येतो, आणि पट्टीचे पोलाद कोणते, तिच्यावर उष्णतेची प्रक्रिया झाली की नाही, हे कोणीही सांगू शकत नाही. आपल्या गाडीसाठी कंपनीचा किंवा नामांकित उत्पादकाचा तपासलेला ब्रॅकेट मिळत नसेल, तर व्यास वाढवण्याचा विचार सोडून द्यावा आणि मूळ मापाचीच अधिक चांगली डिस्क घ्यावी.

कॅलिपर बाहेर सरकला की तो चाकाच्या रिमजवळ जातो. ३१२ मिमीसाठी किमान १६ इंची रिम लागते, आणि १६ इंची रिममध्येही आतला घाट वेगवेगळा असल्याने प्रत्यक्ष बसवून पाहणे आवश्यक आहे. कॅलिपर आणि रिम यांच्यात सर्व बाजूंनी निदान ३ मिमी मोकळीक हवी. स्टेपनीचा प्रश्न मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. डिकीत १५ इंची लोखंडी चाक पडलेले असेल तर ते नव्या कॅलिपरवर चढणार नाही, आणि हे भर पावसात पंक्चर झाल्यावर कळणे फार महाग पडते. डिस्कबरोबर स्टेपनीही बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा.

डिस्क कोणती घ्यावी

साधी, सपाट, अधिक कार्बन असलेल्या बिडाची डिस्क ही रस्त्यावरच्या गाडीसाठी माझी पहिली पसंती. भोके पाडलेली डिस्क दिसायला देखणी असते, पण भोकांमुळे तिचे वजन, म्हणजे उष्णता साठवण्याची जागाच, कमी होते आणि वारंवार तापण्या-निवण्याने भोकांच्या कडांपासून केसाएवढ्या भेगा पडू लागतात. खाचांची डिस्क त्या मानाने टिकाऊ असते. खाचा पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवतात आणि पावसात पाणी लवकर झटकतात, त्याबदल्यात पॅड थोडे लवकर झिजतात आणि जोराच्या ब्रेकला घरघर ऐकू येते. टोपीला आणि कडांना गंजरोधक लेप असलेली डिस्क मिळाली तर किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी तीच घ्यावी. आतली पाती वळणदार असतील तर डावी आणि उजवी डिस्क वेगळी असते. गाडी पुढे जाताना हवा मध्यातून आत येऊन बाहेर फेकली जावी यासाठी पाती फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेली असावी लागतात. खाचांच्या दिशेवरून अंदाज करू नये, खोक्यावरचे डावे-उजवे वाचावे.

नव्या डिस्कवर पॅड नवेच हवेत. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे चरे उमटलेले असतात. ते नव्या सपाट पृष्ठभागावर पूर्ण टेकत नाहीत.

बसवण्याचे काम

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करावी, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, चाकाचे बोल्ट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत आणि मग जॅकने उचलून गाडी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी बाजू नमुन्यासाठी समोर राहते.

चाक काढल्यावर कॅलिपरच्या मागच्या बाजूच्या दोन रबरी टोप्या काढून ७ मिमीच्या अ‍ॅलन पान्याने गाइड पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या) सोडवाव्यात. ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण सैल करून पिस्टन हळूहळू आत दाबावा. ऑइल वर येते, ते रंगावर सांडू देऊ नये. मोकळा झालेला कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगावा. तो होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू दिला तर होज आतून फाटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. होज कुठेच उघडावी लागत नसल्याने या कामासाठी ब्लीडिंग (ऑइलमधली हवा काढणे) अनिवार्य नाही, तरी ऑइल जुने असेल तर याच वेळी बदलून घ्यावे. त्यानंतर ब्रॅकेटचे दोन बोल्ट, मग डिस्कचा छोटा स्क्रू. हा स्क्रू गंजून बसलेला असतो. त्यावर गंज सोडवणारे तेल मारून थोडे थांबावे आणि घट्ट बसणाऱ्या बिटने, हातोडीचा एक ठोका देऊन, तो फिरवावा.

आता ज्यावर सगळे काम तोलले जाते ते हबचे (डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या भागाचे) तोंड. जुनी डिस्क निघाल्यावर तिथे तांबूस-काळ्या गंजाचे थर दिसतात, विशेषतः मधल्या उंचवट्याभोवती आणि बोल्टांच्या भोकांच्या कडांना. वरवर ब्रश फिरवून हे थर निघत नाहीत. पातळ पटाशीने खवले उकरावेत, मग तारेच्या ब्रशने आणि शेवटी बारीक पॉलिश पेपरने संपूर्ण तोंड धातू चमकेपर्यंत घासावे आणि बोटाचे टोक सगळीकडे फिरवून खडबडीतपणा राहिला नाही याची खात्री करावी. इथे ०.०५ मिमीचा एक पापुद्रा जरी एका बाजूला राहिला, तरी बाहेरच्या कडेला डिस्क सुमारे दुप्पट डुलते. डुलणारी डिस्क प्रत्येक फेरीत एकाच जागी पॅडला घासून काही हजार किलोमीटरांत असमान जाडीची होते, आणि मग ‘डिस्क वाकली’ म्हणून ती लेथवर जाते. मुळात ती वाकलेली नसते.

नवी डिस्क कारखान्यातून तेलाचा लेप घेऊन येते. तो ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसावा आणि त्यानंतर घासणाऱ्या भागाला बोट लावू नये. डिस्क हबवर बसवून चाकाचे बोल्ट वॉशर घालून आवळावेत आणि डायल गेजने (सूक्ष्म हालचाल दाखवणाऱ्या मापकाने) डोलणे तपासावे. कडेपासून १० ते १५ मिमी आत ते ०.०५ मिमीच्या आत असावे. जास्त भरले तर डिस्क एक-एक भोक फिरवून पुन्हा मोजावे. डायल गेज प्रत्येक गॅरेजमध्ये नसतो, पण इंजिनकाम करणाऱ्या कारागिराकडे हमखास सापडतो.

डिस्कच्या मागचा पत्रा मोठ्या व्यासाला अडतो. तो कापण्याऐवजी कडेने काळजीपूर्वक मागे वाकवावा, आणि डिस्क हाताने फिरवून कुठेही घासण्याचा आवाज येत नाही हे पाहावे. ब्रॅकेटच्या बोल्टांचे आटे साफ करून ते १२५ न्यूटन-मीटरला, गाइड पिना २८ ला आणि चाकाचे बोल्ट १२० ला, टॉर्क रेंचनेच (ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत. खराब आट्यांचा बोल्ट पुन्हा वापरू नये. गाइड पिना रबरी बुशमध्ये सरकतात, त्यामुळे त्यांना साधे ग्रीस लावल्यास रबर फुगून पिन अडकते; त्या नुसत्या पुसून बसवाव्यात. सगळे जोडल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून होज कुठे ताणली जाते का, टायरला लागते का, ते पाहावे, कारण कॅलिपर १२ मिमी सरकलेला आहे.

इंजिन सुरू करण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत हळूहळू दाबत राहावे. पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिले दोन-तीन दाब रिकामे जातात, आणि ही गोष्ट विसरून गाडी गेटबाहेर काढणारा माणूस समोरच्या भिंतीवरच थांबतो. शेवटी ऑइलची पातळी पाहून झाकण लावावे.

पॅड बसवून घेणे

पहाटेचा मोकळा, सरळ रस्ता निवडावा. ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ ते दहा वेळा वेग उतरवावा. प्रत्येक वेळी मध्ये थोडे अंतर चालवावे आणि कुठेही पूर्ण थांबू नये. नंतर दहा मिनिटे ब्रेकला शक्यतो हात न लावता, म्हणजे पाय न लावता, गाडी फिरवून डिस्क थंड होऊ द्यावी. या क्रियेत पॅडच्या मालाचा एकसारखा पातळ थर डिस्कवर बसतो. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहिले, तर त्या जागी पॅडचा ठसा उमटतो आणि पुढे तोच थरथरीचे कारण ठरतो. थोडा जळका वास येणे स्वाभाविक आहे, धूर मात्र येऊ नये. डिस्कवर सर्वत्र सारखी राखाडी झाक दिसली की काम नीट झाले. निळसर ठिपके किंवा पट्टे दिसले तर पॅड एका जागी अडकत आहे असे समजून गाइड पिना पुन्हा तपासाव्यात.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. डिस्कचे माप नोंदणीपत्रात लिहिलेले नसते, तरीही विमा कंपनीला हा बदल लेखी कळवावा आणि सुट्या भागांची बिले जपून ठेवावीत. अपघातानंतर सर्वेक्षकाला उत्तर देताना ती उपयोगी पडतात.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकाचे बोल्ट पुन्हा १२० न्यूटन-मीटरला तपासावेत, चाक काढून कॅलिपर आणि रिम यांच्यातली मोकळीक पाहावी आणि ब्रॅकेटच्या बोल्टांवर आवळताना रंगाची खूण केली असेल तर ती जागची हलली आहे का हे बघावे. पहिल्या मोठ्या घाटाला जाण्यापूर्वी स्टेपनी एकदा प्रत्यक्ष चढवून, हाताने फिरवून पाहावी.